पुरेसे

पहाटे साडेपाच

मे महिन्यात माझं रानातलं काम उन्हाच्या आधी उरकलं तर उरकतं, नाहीतर दुसऱ्या दिवसावर जातं. ऊस तुटलेला असतो, आडसाली लागणीला अजून वेळ असतो, रानं मोकळी. माती घ्यायची ती याच दिवसांत. स्कूटीच्या पायापाशी गिरमिट, खुरपं आणि प्लास्टिकची घमेली. सीटखालच्या डब्यात कापडी पिशव्या, शिसपेन्सिल, हातात धरायचा ई.सी. मीटर आणि कानात औषध घालायच्या छोट्या बाटलीत पातळ हायड्रोक्लोरिक आम्ल. पेन नेत नाही. ओल्या मातीच्या पिशवीत चिठ्ठीवरची शाई फुटते, आणि मग दोन भावांची रानं माझ्या टेबलावर एक होतात, जी गावात कधी होणार नाहीत.

आज आप्पांकडे दुसऱ्यांदा जायचंय. गेल्या आठवड्यात त्यांच्या दोन एकरांतले वरच्या थराचे नमुने आणले होते. सामू ८.२, क्षारता ३.९. दुसरा आकडा आमच्या भागातल्या काळ्या रानात एकच्या आत असावा लागतो. इतका वर गेला की खालचे थर बघितल्याशिवाय मला सल्ला लिहवत नाही.

सहा वाजता

कृष्णाकाठापासून रान दीडेक किलोमीटर आत. लांबून बघितलं तर बांधाच्या कडेनं कुणी चुन्याची फक्की मारलीय असं वाटतं. जवळ गेल्यावर कळतं, मीठ आहे. आमच्याकडं याला मीठफुटी म्हणतात. पायाखाली वरचा पापुद्रा करकरतो आणि त्याच्याखालची माती मात्र ओली, तळव्याला चिकटणारी.

आप्पा बांधावर बसलेले. त्यांनी चिमूटभर पांढरं उचलून जिभेवर ठेवलं.

"खारट हाय. जरा कडवट बी लागतंय."

कडवट म्हणजे मॅग्नेशियमचे क्षार आलेच. माझा मीटर एवढं सांगत नाही.

"आदी हितं एकरी साठ टन पडायचा, मॅडम. म्हाताऱ्याच्या काळात तर गहू, हरभरा. आता हरळीसुदीक नीट येत न्हाई."

गिरमिट लावलं. पहिली फूटभर माती काळी, पेढ्यासारखी दाबली की बोटांचे ठसे धरणारी. दुसऱ्या फुटाला पांढरे खडे लागले. त्यांवर आम्लाचा थेंब टाकला तर फसफसला. चुनखडी. तिसऱ्या फुटाला रंग बदलला, राखाडी झाला, आणि त्यात तांबूस ठिपके. मातीत हवा कधी असते, कधी नसते, तेव्हा लोखंड असं गंजत-विरघळत राहतं. म्हणजे हा थर वर्षातले कित्येक महिने पाण्यात बुडलेला असतो. मीटरभर खाली गेल्यावर गिरमिटाच्या पात्यावर ओलीची चकाकी दिसली. ते काढून ठेवलं आणि आम्ही दोघं भोकात पाणी साठायची वाट बघत बसलो.

अशी वीस मिनिटं मिळाली की शेतकरी एकच प्रश्न विचारतो. आप्पांनीही विचारला. "चूक कुणाची म्हनायची ही? रानाची का माजी?"

रानाचा वाटा आहेच. हे सगळं पठार साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्यानं घातलेलं. बेसॉल्ट झिजून जी चिकणमाती तयार झाली ती पाणी प्यायली की फुगते, वाळली की हातभर भेगा पडतात. ती पाणी धरते खूप आणि सोडते फार कमी. त्याच खडकातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सुटत राहतात. कोकणासारखा पाऊस असता तर ते धुऊन समुद्राला गेले असते. इथं वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर. तेवढ्यात क्षार धुऊनही जात नाहीत आणि कोरडवाहू शेतीत डोकंही वर काढत नाहीत, खाली कुठंतरी पडून राहतात. विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावतीकडं, खारपाण पट्टा आहे. तिथली जमीन आणि विहिरीचं पाणी मुळातच खारं, माणसानं कालवे काढायच्या कितीतरी आधीपासून. निसर्ग स्वतःही माती बिघडवतो.

पण आप्पांचं रान मुळात खारं नव्हतं. त्यांच्या वडिलांचा गहू त्याला साक्षीदार आहे. मग आम्ही बांधावरच हिशोब मांडला, काडीनं मातीत. पाटानं दिलेल्या उसाला वर्षाला दोन हजार मिलिमीटर पाणी सहज जातं. एका एकरावर दोन हजार मिलिमीटर म्हणजे ऐंशी लाख लिटर. आप्पांच्या विहिरीच्या पाण्यात लिटरला साधारण अर्धा ग्रॅम क्षार, पिताना कळणारही नाही इतका. ऐंशी लाख गुणिले अर्धा ग्रॅम म्हणजे चार हजार किलो. वर्षाला चार टन मीठ, एका एकरात. पाणी उन्हानं उडून जातं, ऊस पिऊन टाकतो. मीठ कुठं जाणार? ऊस थोडं घेतो, पाऊस थोडं ढकलतो, बाकीचं राहतं.

आप्पा त्या चारच्या आकड्याकडं बघत राहिले. "चार टन? आवं, तेवढं शेणखत बी पडत न्हाई आमचं."

भोकात पाणी आलं होतं. जमिनीपासून ऐंशी सेंटिमीटरवर थांबलं. त्या चिकणमातीत पाणी वातीसारखं मीटरभर वर चढतं. म्हणजे तळघरातलं खारं पाणी दिवसरात्र उसाच्या मुळापर्यंत येतंय आणि वर उडून मीठ मागं ठेवतंय. मीटर बुडवला. ६ च्या वर गेला.

यात काहीच नवं नाही. नीरा डाव्या कालव्याचं पाणी १८८५ च्या सुमारास सुरू झालं. पंचवीस वर्षं होत आली तेव्हा, १९१० साली, पुण्याच्या शेती कॉलेजचे हॅरॉल्ड मॅन आणि त्यांचे सहकारी ताम्हणे यांना नीरा खोऱ्यातल्या खाऱ्या जमिनींवर सरकारी पुस्तिका लिहावी लागली. पाणी आणताना निचऱ्याची सोय करायची राहिली की काय होतं ते तेव्हाच समजलेलं होतं. पुढं आपण कृष्णेवर, वारणेवर, पंचगंगेवर उपसा योजना केल्या आणि तो धडा पुन्हा पहिल्यापासून गिरवला.

निघताना आप्पांनी वरच्या अंगाला बोट दाखवलं. तिथं सात-आठ फूट उंचावर दुसऱ्याचा ऊस, हिरवागार, आणि सरी-सरीतून पाणी चाललेलं. रात्री वीज आली तेव्हा सुरू केलेली मोटर अजून बंद नव्हती. "त्येंचं रान पाणी पितं आन् माजं घामाघूम हुतं," आप्पा म्हणाले.

त्याच कोपऱ्याला, वरच्या बांधालगत, पाच-सहा गुंठ्यांचा एक तुकडा वेगळा दिसला होता. मीठ नाही, पण तवा तापवून ठेवल्यासारखा टणक आणि काळा, गेल्या आठवड्याच्या वळवाचं पाणी अजून डबक्यात. त्याचा नमुना मी गेल्या वेळीच वेगळ्या पिशवीत घेतला होता. सामू ८.९ निघालाय. आप्पांना आत्ता काही बोलले नाही. सोडियमचा आकडा आला की मगच.

साडेआठ

परतीच्या वाटेवर ओढ्याच्या पुलाजवळ थांबले. ओढा म्हणायचं जुन्या ओळखीनं. पाणी चहाच्या चोथ्याच्या रंगाचं, काठाला फेस. वरून कुठून काय सोडलं जातं याची गावात चर्चा खूप आणि लेखी तक्रार एक. पुलाखाली इंजिन बसवून एक पोरगा तेच पाणी कडवळाला देत होता.

"फुकटचं पोटॅश हाय, ताई."

अगदी खोटं नाही. आसवनीच्या मळीच्या पाण्यात पोटॅश भरपूर असतं, आणि प्रमाण मोजून, पातळ करून, ठरावीक मुदतीनं दिलं तर त्याचा उपयोगही होतो. हे मोजलेलं नव्हतं. गेल्या वर्षी याच पोराच्या रानात बोट बुडवलं तेव्हा वरचा थर शेवाळी-काळा, कुजक्या वासाचा होता आणि गांडूळ औषधाला नव्हतं. मी त्याला चिठ्ठीवर नंबर दिला. तो नमुना आणणार नाही हे त्यालाही माहीत होतं, मलाही.

दहा

प्रयोगशाळा दोन खोल्यांची, एसटी स्टँडच्या मागं. शटर उघडायच्या आधीच पायरीवर पिशव्या ठेवून लोक गेलेले असतात. पिशव्यांवरून माणसं कळतात. एक नमुना युरियाच्या रिकाम्या पोत्याच्या तुकड्यात बांधलेला. त्यातला नत्राचा आकडा काय सांगणार, तो त्या पोत्याचा. दुसऱ्यात माती कमी आणि शेणाचे गोळे जास्त, म्हणजे उकिरड्याशेजारून घेतलेली. तिसऱ्या चिठ्ठीवर फक्त "चिंचेखालचं". झाडाखालची माती घेऊ नका हे मी दहा वर्षं सांगतेय. आणि एका पिशवीतली माती मला ओळखीची वाटली, तिच्याबरोबर आलेलं नाव मात्र त्या शिवारातलं नव्हतं. शेजाऱ्याचं रान विकत घ्यायचं चाललंय, मालकाला न विचारता त्याच्या मातीची पत बघायची. तपासून दिली. माती कुणाची हे विचारायचं माझ्या अर्जात नाही.

नमुना कसा घ्यावा हे एवढं सोपं आहे की कुणी ऐकत नाही. रानात नागमोडी फिरून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही अक्षरासारखा खड्डा, त्याच्या कडेची दोन बोटं जाडीची खाप, सगळं घमेल्यात एकत्र, मग चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. बस. एकराची माती साधारण आठ लाख किलो, तीही वरच्या वीतभर थराची. त्यातली अर्धा किलो माझ्याकडं येते, आणि त्यातली एक ग्रॅम माझ्या चंबूत जाते. त्या ग्रॅमवर खताचे हजारो रुपये ठरतात. तो ग्रॅम उकिरड्याशेजारचा असला की संपलं.

साडेअकरा

सावलीत वाळलेली माती मावशी कुटतात. लाकडी खल, लाकडी बत्ता. लोखंडी वापरला तर लोह आणि जस्ताचे आकडे खोटे येतात. मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण ढेकूळ फोडताना येणाऱ्या आवाजावरून सांगतात, "ही चोपनाची." आणि शंभरात नव्वद वेळा ती चोपणच निघते. दगडासारखी फुटते, ठिकऱ्या उडतात. भुसभुशीत मातीचं ढेकूळ बोटांत विरघळतं.

मग दोन मिलिमीटरची चाळणी. पूर्वी चाळणीवर काय उरायचं? खडे, मुळं, गोगलगाईचे शंख. आता मावशी एक वेगळं डबडं ठेवतात. आजच्या एका नमुन्यातलं मी टेबलावर ओतून बघितलं. मल्चिंगच्या कागदाचे चंदेरी-काळे तुकडे, नखाएवढे आणि त्याहून लहान. ठिबकच्या नळीची एक कातळी. बियाण्याच्या पाकिटाचा कोपरा, त्यावर अर्धा भोपळी मिरचीचा फोटो. शॅम्पूच्या पुडीचा दात्यांचा काठ. सुतळी. मल्चिंगचा कागद पंचवीस-तीस मायक्रॉनचा असतो, एक हंगाम उन्हात राहिला की पापडासारखा चुरतो. पीक निघाल्यावर तो गोळा करायला मजूर लागतात, म्हणून रोटाव्हेटर फिरवतात. एकदा रोटाव्हेटर फिरला की तो कागद त्या रानाचा झाला.

चाळणीवरचं मी मोजू शकते. चाळणीतून खाली गेलेलं नाही. आणि मोजलं तरी लिहायचं कुठं? मृदा आरोग्य पत्रिकेची योजना फेब्रुवारी २०१५ मध्ये राजस्थानातल्या सुरतगडला सुरू झाली. त्या पत्रिकेवर बारा गोष्टी असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. माझा छापील अहवालही त्याच धर्तीवर. या बारांत प्लास्टिक नाही. कीटकनाशकाचा अंश नाही. हुमणीसाठी वर्षानुवर्षं उसात आणि हळदीत ओतलेलं फोरेट नाही, ज्यावर डिसेंबर २०२० च्या शेवटापासून बंदी आहे. स्फुरदाच्या खतातून, खडकातूनच आलेलं कॅडमियम नाही. पत्रिका भुकेल्या मातीसाठी आखलेली आहे. तिला काय कमी पडतंय ते ती विचारते. काय जास्त झालंय हे विचारायची तिची रीत नाही.

पाण्याला १९७४ साली कायदा मिळाला, हवेला १९८१ साली. पाण्याचा नमुना घेणारा माणूस प्रदूषण शोधायला येतो. मातीचा नमुना घेणारी मी खताची मात्रा शोधायला जाते.

साडेबारा

सेंद्रिय कर्बाची वेळ. ग्रॅमभर माती, त्यात पोटॅशियम डायक्रोमेट, वर तीव्र गंधकाम्ल. चंबू आपोआप तापतो, हाताला चटका बसतो. अर्ध्या तासानं पाणी घालून थेंब-थेंब फेरस अमोनियम सल्फेट सोडायचं. गढूळ तपकिरी, मग गडद निळं-जांभळं, आणि एका थेंबाला अचानक लखलखीत हिरवं. तो थेंब चुकला की परत पहिल्यापासून. पंधरा वर्षं झाली तरी त्या थेंबाला माझा श्वास अडकतो.

आज वीस नमुने, त्यातले तेरा ०.५ टक्क्यांच्या खाली. पाचट पेटवलेल्या रानांची पिशवी न वाचता ओळखता येते.

आता कबुली. ते हिरवं पाणी सुरुवातीची कितीतरी वर्षं मी बेसिनमध्ये ओतलं. क्रोमियम आहे ते. डायक्रोमेट म्हणजे सहा-संयुजी, कॅन्सर करणारं रूप, आणि टायट्रेशन संपतं तोवर त्याचं तीन-संयुजी होतं, त्या मानानं सौम्य. असं मी स्वतःला सांगत आले. पण बरोबर गंधकाम्लही जातं, आणि उरलेल्या मूळ द्रावणाचा नारिंगी घोट कधीमधी जायचाच. आमच्या बेसिनची नळी मागच्या गटारात, गटार ओढ्याला, ओढ्याच्या पुलाखाली इंजिन. माती तपासून तपासून आम्ही कुणाच्या तरी मातीत काय सोडत होतो, हे मला कुणी विचारलं नाही. कारण ते तपासायचा रकाना नाही. आता चुन्यानं उदासीन करून साका खाली बसवते आणि कॅनमध्ये भरते. मागच्या खोलीत चार कॅन झालेत. घातक कचरा उचलणाऱ्यांना एवढ्याशा मालासाठी तालुक्याला गाडी पाठवणं परवडत नाही. पाचवा कॅन आणायचाय.

दीड

भाकरी, शेंगदाण्याची चटणी, मावशींनी आणलेली मेथी. मेथी कुठली, असं विचारायची सवय मी मोडून काढलीय. जेवण जात नाही नाहीतर.

अडीच

तासगाव बाजूचा एक द्राक्षबागायतदार, वय तिशीचं, हातात मोबाइल आणि माझाच गेल्या आठवड्यातला अहवाल. बाग पंचवीस वर्षांची, वडिलांनी लावलेली. खरड छाटणीनंतर फुटी पिवळ्या येतायत. पानाच्या शिरा हिरव्या, मधलं पिवळं. लोहाची कमतरता वाटते म्हणून त्यानं फेरस सल्फेट दोनदा सोडलंय, चिलेटेड लोह फवारलंय. फरक नाही.

अहवालात लोह ठीक. तांबे: १४. शेजारी छापलेलं: पुरेसे.

हा शब्द संगणक टाकतो. तांब्याची कमतरतेची रेषा किलोला ०.२ मिलिग्रॅम. त्याच्या वर गेलं की पुरेसे. ०.३ असलं तरी पुरेसे, १४ असलं तरी पुरेसे. सत्तरपट आहे हे त्या शब्दाला कळत नाही.

"मोरचूद किती जातं?"

तो हसला. डावणीचं साल असलं की मोजत नाहीत म्हणाला. बोर्डो म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि चुना. फ्रान्समधल्या बोर्दो भागात १८८५ च्या आसपास द्राक्षाच्या डावणीवरच हे मिश्रण सापडलं आणि आजही ते चालतं, स्वस्त आहे. सेंद्रिय शेतीतही वापरतात, म्हणून लोक त्याला औषध मानत नाहीत. पण मोरचुदाच्या किलोत अडीचशे ग्रॅम तांबं असतं. बुरशी मरते, पाऊस पान धुतो, पान गळतं, कुजतं, आणि तांबं वरच्या वीतभर थरात बसतं. ते कुजत नाही, उडत नाही, आमच्या चुनखडीच्या काळ्या मातीत खालीही फारसं सरकत नाही. वेलानं घेतलेलं नगण्य. बेसॉल्टच्या मातीत तांबं मुळातच जरा जास्त असतं, त्यावर पंचवीस वर्षांचे फवारे.

तांबं जास्त झालं की मुळांची टोकं आखडतात आणि लोह मातीत असूनही वेलाला ते उचलता येत नाही. पिवळेपणा लोहाचा, कारण तांब्याचं. आमच्या मातीत चुनखडीनंही हाच पिवळेपणा येतो, त्यामुळं एकट्या तांब्यावर ठपका ठेवायला मी धजत नाही. म्हणून म्हटलं, वेलाचं मूळ उकरून आण, दोन ठिकाणचं, आणि बागेबाहेरच्या बांधाची माती आण. बांधावर कधी फवारा पडत नाही. बांधावर किती आणि वेलाखाली किती, एवढं बघू.

"म्हणजे इतकी वर्षं कार्ड बरोबर होतं का चूक?"

आकडा बरोबर होता, म्हटलं. त्याच्यासमोर पेन काढलं, छापलेल्या "पुरेसे"वर काट मारली आणि वर लिहिलं, "फार जास्त. मोरचूद निम्म्यावर आणा, शेणखत वाढवा." त्यानं त्याचा फोटो काढला. बहुतेक वडिलांना दाखवायला.

पावणेचार

वीज गेली, आली. फ्लेम फोटोमीटर पुन्हा स्थिर व्हायला वेळ घेतो. घरगुती गॅसची निळी ज्योत, तिच्यात मातीचं पाणी फवारलं जातं. पोटॅशियमला ज्योत जांभळट होते, डोळ्याला दिसेल न दिसेल. सोडियमला पिवळीधमक, रस्त्यावरच्या जुन्या दिव्यांसारखी. आप्पांच्या मुख्य रानाचा नमुना लावला, पिवळी. कोपऱ्यातला लावला. मदतीला असणारी मुलगी पलीकडून म्हणाली, "अय्यो."

हिशोब केला. मुख्य रानात मातीच्या कणांना चिकटलेलं सोडियम ८ टक्के. कोपऱ्यात १९. पंधराच्या वर गेलं की जमीन चोपण. कॅल्शियम कणांना एकत्र धरतं, सोडियम सुटं करतं. सुटे कण भोकं बुजवतात आणि वर पडलेलं पाणी वरच राहतं.

सव्वापाच

आप्पा आले, सोबत लेक. दोघंही खुशीत. "मॅडम, तुमचं काम हलकं केलंया. जिप्सम आणलं. धा पोती."

मी अहवाल पुढं केला नाही. आधी चहा मागवला.

मीठफुटी वेगळी, चोपण वेगळी, हे दुकानात कुणी सांगत नाही. दोन्हींना "खराब जमीन" म्हणतात आणि दोन्हींना जिप्समचं पोतं देतात. जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट. ते कणांवरचं सोडियम ढकलून जागा घेतं, म्हणून चोपणाला लागतं. आप्पांच्या मुख्य रानात सोडियम कणांना चिकटलेलं फार नाही, मीठ मोकळं आहे, पाण्यात विरघळलेलं. तिथं जिप्सम टाकणं म्हणजे मिठात आणखी एक मीठ. त्या मिठाला एकच वाट हवी, खाली आणि बाहेर. सव्वा मीटर खोल सच्छिद्र पाईप, उताराला, नाल्यापर्यंत. मग चांगल्या पाण्यानं रान धुवायचं, धैंचा गाडायचा, पाटाऐवजी ठिबक.

"आन् ही धा पोती?"

कोपऱ्याला, म्हटलं. तो पाच-सहा गुंठ्यांचा तुकडा चोपण आहे. माझ्या हिशोबानं दहाही तिथंच लागतील. पण आत्ता नाही. सोडियम सुटलं की तेही पाण्याबरोबर बाहेर जायला हवं. पाईप नाही तर ते तिथंच डबक्यात बसणार. आधी निचरा, मग जिप्सम.

लेकानं विचारलं, एकट्यानं पाईप टाकला तर? शिरोळ तालुक्यात दत्त साखर कारखान्याच्या पुढाकारानं शेतकऱ्यांनी गटानं हे केलंय, बघून या म्हटलं. एकट्याचा पाईप बांधापर्यंत जातो. त्यापुढं नाल्यापर्यंत आणखी दोघांची रानं आहेत, आणि खालचं रान आप्पांच्या चुलतभावाचं. कोर्टात नऊ वर्षं तारखा चालू आहेत, बांधावरूनच.

आप्पा चहाच्या पेल्यात बघत म्हणाले, "म्हंजे वरच्याचं पानी मी घ्यायचं, आन् माजं खालच्यानं घ्यायचं न्हाई."

आणि नाल्यातून ते नदीला जाणार, हे मी बोलले नाही. तेही खरं आहे. धुतलेलं मीठ कुठंतरी जातंच. आप्पांना आज एवढंच पुरे.

अहवालात शेऱ्याची एकच ओळ असते, पन्नास अक्षरांची. त्यात निचरा, जिप्सम, चुलतभाऊ हे सगळं बसत नाही. मागच्या कोऱ्या बाजूला रानाचा नकाशा काढून दिला, उताराचे बाण, पाईपची रेघ. चुलतभावाच्या बांधाशी ती रेघ तुटक ठेवली.

सात

चंबू धुणं, खल पुसणं. आजच्या पिशव्यांतली उरलेली माती तीन महिने फळीवर ठेवतो, कुणी आकड्यावर भांडायला आलं तर. आप्पांच्या बरणीच्या काचेला आतून मातीच्या वरच्या कडेला बारीक पांढरी रेघ आलीय. गेल्या आठवड्यात ओली असताना भरली होती, झाकण नीट बसलं नव्हतं. दोन एकरांत जे चाललंय तेच बरणीत, सात दिवसांत.

रात्री नऊ

आप्पांचा फोन. मागं रेडिओ की टीव्ही, काहीतरी मोठ्यानं चालू.

"भाऊकडं गेलतो. आठ-धा वर्सांनी उंबरा वलांडला."

"काय म्हणाले?"

"त्याच्या बी रानात खालच्या अंगाला पांढरं पडाय लागलंय. बगू म्हनला. नकाशा ठिवून घेतला त्यानं." मग जरा थांबून, "मॅडम, जिप्सम कुटं ठिवू? शेडमधी ओल हाय."

जमिनीवर ठेवू नका, म्हटलं. खाली फळ्या टाका, वर ताडपत्री. ओल लागली तर गठ्ठे होतात.

"किती दिस ठिवाय लागंल?"

पावसाळ्याआधी पाईप पडणं अवघड. दिवाळीपर्यंत धरून चाला, म्हटलं. फळ्या दोन नाही, चार टाका.